रघुपतीरावांची तोफ

बेंगळूरच्या चामराजपेटेत रघुपतीराव जगदाळ्यांचं घर शोधायला पत्ता लागत नाही. तिसऱ्या मेन रोडच्या कोपऱ्यावर उभं राहायचं, कान द्यायचा आणि आवाज येईल त्या दिशेनं चालू लागायचं. आवाज वाढत गेला तर वाट बरोबर आहे.

त्यात त्या बिचाऱ्याचा दोष नाही. मॅजेस्टिकच्या बसस्टँडवर माइकपुढं बसून गाड्या पुकारण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. म्हैसूरची गाडी, हासनची गाडी, हुबळीची गाडी, दिवसभर तेच. प्रत्येक गाडी दोनदा पुकारायची असा नियम होता, आणि माइकला उलट उत्तर कोणी देत नाही. त्यामुळं रघुपतीरावांना दोन खोडी जडल्या. एक म्हणजे प्रत्येक गोष्ट दोनदा बोलायची. दुसरी म्हणजे समोरचा काय म्हणतोय त्यासाठी थांबायचंच नाही. ते रिटायर झाले, पण तोंड काही रिटायर झालं नाही.

"अहल्या, कॉफी आण. अहल्या, कॉफी आण."

अहल्याबाई पहिल्या हाकेला जागच्या हलत नसत. दुसरी येणारच आहे, मग उगाच घाई कशाला?

रघुपतीरावांच्या बोलण्यात सगळ्यात लाडका विषय एकच. त्यांचे मूळपुरुष शहाजीराजांच्या फौजेबरोबर बेंगळुरात आले आणि किल्ल्यावर तोफेला बत्ती द्यायचं काम करीत. हे वडिलांनी सांगितलं होतं, वडिलांना आजोबांनी. कागद नाही, तलवार नाही, साधा गंजलेला सुरासुद्धा नाही. मराठी मंडळातले लोक म्हणत, "रावसाहेब, तुमच्या घराण्यात तोफ होती यात शंका नाही. ती अजून तुमच्या तोंडात आहे." सगळे हसत, रघुपतीरावही हसत आणि गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगत.

पण एक घाव मात्र खोल बसला होता. पुण्याला कुणाच्यातरी लग्नाला गेले होते. पंगतीत वाढप्याला कानडी सवयीनं म्हणाले, "अण्णा, मला स्वल्प भात वाढा." शेजारच्या पानावरच्या बाई कौतुकानं वळल्या आणि म्हणाल्या, "अय्या, किती छान मराठी बोलता हो तुम्ही! कुठं शिकलात?"

कुठं शिकलात! साडेतीनशे वर्षांवर घरात मराठी बोलतोय, देवाला मराठीत हाक मारतोय, बायकोशी मराठीत भांडतोय, आणि कुठं शिकलात? त्या दिवशी रघुपतीराव गोड न खाता पानावरून उठले. नुसता अपमान असता तर गिळला असता. पण बाई खरंच कौतुक करीत होत्या, त्यामुळं भांडताही येईना.

अशा माणसाच्या एकुलत्या मुलीनं, अनुषानं, एक दिवस सांगितलं की मारतहळ्ळीच्या ऑफिसातला प्रणीत नावाचा मुलगा तिनं पसंत केलाय. माणसं मूळची पुण्याची, सध्या सर्जापूर रोडला फ्लॅट.

"पुण्याची? पुण्याची?"

"हो आप्पा. त्याचे बाबा नंदकिशोर सगळी नोकरी नेव्हीत होते. जहाजावर. आता रिटायर झालेत आणि..."

"म्हणजे पुण्याची. म्हणजे पुण्याची."

'पुण्याची' या शब्दापाशी त्यांची गाडी जी थांबली ती पुढं हललीच नाही. नेव्ही नाही, जहाज नाही, त्यांच्या कानात काही शिरलंच नाही. एवढंच शिरलं की पुण्याहून माणसं येणार, चार वाक्यं ऐकणार आणि विचारणार, कुठं शिकलात. मग पोरगी त्या घरात जन्मभर 'त्या बेंगळूरवाल्यांची' म्हणून राहणार. छे! काहीतरी पुरावा पाहिजे. हातात धरून दाखवता येईल असा.

आणि बघा, देव कधी कुणाच्या तोंडात साखर घालील सांगता येत नाही. अहल्याबाईंनी त्यांना मिक्सरचं जुनं भांडं आणायला रविवारच्या बाजारात पाठवलं. तिथं फुटके नळ, आंधळी घड्याळं आणि पंख्याची पाती यांच्या ढिगात एक तोफ पडली होती. कोपरापासून बोटांपर्यंतचा हात, त्याहून थोडी लांब. पितळेची, पण धुरानं काजळलेली. खाली चार बुटक्या चाकांचा लाकडी गाडा. विकणाऱ्यानं सांगितलं, कंटोन्मेंटातल्या कुठल्याशा पाडलेल्या बंगल्यातून आली, तिथं दार मिटू नये म्हणून लावून ठेवायचे. रघुपतीरावांनी तिला तिथंच हात जोडले. पूर्वजांची तोफ दाराला! किमतीची घासाघीस करण्यात त्या बाजारात त्यांचा हात धरणारा नाही. पण त्या दिवशी मागितले तेवढे देऊन मोकळे झाले.

तोफ रिक्षात ठेवायला दोघं लागले. रिक्षावाला म्हणाला, "सार, फुटणार नाही ना?"

"साडेतीन शतकं फुटली नाही, तुझ्या रिक्षात कशाला फुटेल? चल. चल."

दारात अहल्याबाई उभ्याच होत्या.

"हे काय?"

"तोफ. तोफ."

"ते दिसतंय. मिक्सरचं भांडं कुठंय?"

ते भांडं आजतागायत आलेलं नाही. चटणी पाट्यावर वाटली जाते आणि प्रत्येक वाटणाबरोबर शहाजीराजांच्या तोफखान्याचा उद्धार होतो.

दुसऱ्या दिवसापासून रघुपतीरावांचं संशोधन सुरू झालं. कब्बन पार्कातल्या लायब्ररीत सकाळी जायचे ते जेवायलाच परत. पुस्तकांतल्या तोफा बैलांनी ओढायच्या, ही एका माणसाच्या काखेत मावेल. यावर त्यांनी निष्कर्ष काढला की डोंगरात चढवायला सोपी पडावी म्हणून लहान केली. पुस्तकातल्या गाड्यांची चाकं पुरुषभर उंच, ही चाकं पुरणपोळीएवढी. निष्कर्ष: गाडा नंतर कुणा अडाण्यानं जोडला. म्हणून तो गाडा काढून टाकला, आणि अहल्याबाईंनी लगेच त्यावर तांदळाचं पोतं ठेवलं. झाडताना ढकलायला सोयीचं. घरात तोफेचा उपयोग झालाय तो एवढाच, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

गोळा केवढा असेल, हे पाहायला रघुपतीरावांनी तोफेच्या तोंडात आधी सुपारी घातली, ती गडगडत आत गेली आणि बाहेर आली. मग लिंबू घातलं. ते बेतशीर गेलं आणि आत जे बसलं ते बसलंच. चमच्यानं निघेना, विणायच्या सुईनं निघेना.

"राहू दे. दृष्ट लागणार नाही. राहू दे."

एक दिवस ते लायब्ररीत असताना अहल्याबाईंचा संयम सुटला. घरात काळं पितळ? दसरा तोंडावर आणि घरात काळं पितळ? लोक काय म्हणतील? मागच्या अंगणात तोफ ओढून नेली, चिंचेचा कोळ आणि रांगोळी घेतली आणि समईसारखी घासून काढली. रघुपतीराव आले तर तोफ नवरीसारखी झळझळीत. ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. तोफेच्या कुशीवर, इतके दिवस काजळीखाली दडलेली एक खूण वर आली होती. उभा दांडा, त्याला वर कडी, खाली दोन्हीकडं वळलेली टोकदार पाती.

"त्रिशूळ! अहल्या, त्रिशूळ! भवानीचा!"

"पण उलटा आहे की हो."

उलटा होता खरा. पाती जमिनीकडं. मग घरचे पुरोहित भीमाचार्य आले. त्यांनी चष्मा पुसला, तोफेभोवती एक फेरी मारली आणि निर्णय दिला की त्रिशूळच आहे, मधलं टोक झिजलंय. पण उलट्या त्रिशुळाला आपण कुंकू लावणार नाही. आयुधपूजेला ही मांडायची तर त्रिशूळ सुलटा पाहिजे. त्रिशूळ सुलटा करायचा तर तोफ उलटी करायला पाहिजे. झालं! सुतार आला, त्यानं सागवानी ठाण बनवलं आणि तोफ पाठीवर निजवली. बत्ती द्यायचं भोक खाली गेलं. त्या दिवसापासून ती तोफ कुणी पेटवलीच असती तर जगदाळ्यांचं टेबल तेवढं उडालं असतं. पण पूजेपुढं असले प्रश्न विचारायचे नसतात.

प्रणीतच्या घरच्यांनी यायचा दिवस ठरला तो विजयादशमीचा. आदल्या दिवशी आयुधपूजा थाटात झाली. दाराशी कोहळा फुटला, शिलाई मशीन, सायकल, पाटा-वरवंटा सगळ्यांना गंध लागलं आणि मधोमध तोफ, शेवंतीच्या माळांनी नटलेली. रघुपतीराव आरशापुढं भाषणाची तालीम करीत होते. 'स्वल्प' म्हणायचं नाही, 'थोडं' म्हणायचं. 'सरी' म्हणायचं नाही, 'बरं' म्हणायचं.

अनुषा त्यांच्यामागं येऊन उभी राहिली. "आप्पा, उद्या तोफेचं काही बोलू नका ना. प्लीज."

"का? का?"

"लोक हसतात आप्पा. तुम्हाला कळत नाही, पण ते हसतात आणि मला ते..."

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत रघुपतीराव म्हणाले, "यावेळी पुरावा आहे. यावेळी पुरावा आहे." आणि खोलीबाहेर गेले. पण रात्री जेवण गेलं नाही. पोरीला आपली लाज वाटते. जन्मभर माइकवर बोललो, हजारो लोकांना गाडीत बसवलं आणि घरच्या पोरीला आपल्या आवाजाची लाज वाटते. उद्या तोफेनं साथ दिली तर दिली. नाहीतर पोरगी सासरी जाताना बापाच्या नावाचं ओझं डोक्यावर घेऊन जाणार.

दसऱ्याला मंडळी आली. नंदकिशोर उंच, मिशीवाले, फार न बोलणारे. त्यांची बायको चंपाताई फार बोलणाऱ्या. "काय ट्रॅफिक हो! सिल्क बोर्डला अक्षरशः स्टक झालो. लिटरली. पण घर किती कोझी आहे तुमचं, व्हेरी ट्रॅडिशनल!" रघुपतीरावांनी कान टवकारले. आपण मराठीतलं कानडी वेचून काढलं होतं, आणि ह्या बाईंच्या मराठीत मराठी मोजायला एक हात पुरेल! त्यांना जरा धीर आला.

सोनं देऊन झालं, कॉफी झाली आणि रघुपतीराव खाकरले. अनुषानं मान खाली घातली.

"आमचे मूळपुरुष शहाजीराजांच्या फौजेबरोबर आले. शहाजीराजांच्या फौजेबरोबर. ही त्यांची तोफ. भवानीचा त्रिशूळ असलेली ही त्यांची तोफ."

नंदकिशोर उठले. तोफेपुढं मांडी घालून बसले. शेवंतीची माळ हळूच बाजूला केली, कुशीवरून बोट फिरवलं, वाकून खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "ही उलटी का बसवलीय?"

"त्रिशूळ सुलटा राहावा म्हणून. सुलटा राहावा म्हणून."

"रघुपतीराव, हा त्रिशूळ नाही. जहाजाचा नांगर आहे. समुद्रात टाकतात तो. वरची कडी दोराची." त्यांचा आवाज फार मऊ होता. "ही जहाजावरची इशाऱ्याची तोफ आहे. आयुष्यभर असल्याच वस्तूंत राहिलो, म्हणून ओळखली."

"जहाजावर? तुम्ही जहाजावर?"

"आप्पा, दोनदा सांगितलं होतं मी," अनुषा पुटपुटली.

नंदकिशोर आणि प्रणीतनं मिळून तोफ ठाणावरून उचलली आणि सुलटी केली. तोंड जरा खाली झुकलं आणि आतून काहीतरी खडखडलं. वाळून खारकेसारखं झालेलं लिंबू टपकन बाहेर पडलं आणि गडगडत चंपाताईंच्या पायाशी जाऊन थांबलं.

"हा यांचा तोफगोळा," अहल्याबाई म्हणाल्या.

हशा पिकला. चंपाताई तर पदर तोंडाला लावून हसल्या. प्रणीत हसला. दाराशी उभे असलेले भीमाचार्य आकाशाकडं बघू लागले. रघुपतीराव हसले नाहीत. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "म्हणजे आमची नाही."

एकदाच म्हणाले. अहल्याबाईंचं हसू तिथंच थांबलं. लग्न झाल्यापासून नवऱ्यानं एक वाक्य एकदाच बोललेलं त्या पहिल्यांदा ऐकत होत्या.

"खरं सांगतो," रघुपतीराव नंदकिशोरांना म्हणाले. "माझ्याकडं पुरावा काही नाही. वडिलांनी सांगितलं, त्यांना त्यांच्या वडिलांनी. अष्टे." 'एवढंच' म्हणायच्या जागी कानडी 'अष्टे' निसटलं, पण आता काय उरलं होतं लपवायला?

नंदकिशोर तोफेची माळ सरळ करू लागले. तेवढ्यात रघुपतीरावांनी जन्मात केलं नव्हतं ते केलं. समोरच्याला प्रश्न विचारला आणि उत्तराची वाट बघत बसले. "मग ही करते काय हो? हिच्यात गोळाच नाही तर?"

"आवाज करते," नंदकिशोर म्हणाले. "गोळा कधीच नसतो, नुसती दारू. दाट धुकं पडलं की जहाजाला जहाज दिसत नाही. तेव्हा ही वाजवायची. आम्ही इथं आहोत, एवढंच सांगायला. संकटात असलं तरी तेच. आणि ते एकदा वाजवून भागत नाही. थांबून थांबून परत वाजवायची. कुणीतरी ऐकेपर्यंत."

अहल्याबाईंनी तोफेकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं.

"गोळा नाही, नुसता आवाज, आणि तोही परत परत," त्या म्हणाल्या. "अय्यो, मग ही शंभर टक्के जगदाळ्यांचीच!"

आता मात्र रघुपतीरावांनाही हसू आवरेना. पोट धरून हसले, डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यातलं हसण्याचं किती नि दुसरं किती हे त्यांचं त्यांनाच कळलं नाही. अनुषा उठून त्यांच्या खुर्चीच्या हातावर येऊन बसली. चंपाताईंकडं वळून म्हणाली, "आई, तोफेचं राहू दे. गोष्ट ऐका. आमचे मूळपुरुष शहाजीराजांच्या फौजेबरोबर बेंगळुरात आले." आणि तिनं ती गोष्ट शेवटापर्यंत सांगितली. किल्ला, बत्ती, चिखलात रुतलेला गाडा, पहिल्या रात्री कुणा कानडी बाईनं वाढलेली नाचणीची भाकर, सगळं. एक शब्द चुकली नाही. जिथं आप्पा दोनदा बोलतात तिथं तीही दोनदा बोलली.

रघुपतीराव नुसते तिच्या तोंडाकडं बघत राहिले. पोरीला पाठ आहे! लाज वाटत असती तर पाठ कशी झाली असती?

"काल तू काय म्हणत होतीस?" त्यांनी हळूच विचारलं. "लोक हसतात आणि मला... पुढं काय?"

"आणि मला त्यांचा राग येतो. तुमचा नाही."

चंपाताईंनी वाळकं लिंबू उचलून टेबलावर ठेवलं. "नाचणीची भाकर वाढणाऱ्या त्या बाईंचं नाव काय हो?" त्या विचारत होत्या.

लग्न माघात झालं. तांदळाचं पोतं उतरवलं गेलं आणि बुटक्या चाकांचा गाडा पुन्हा तोफेखाली आला. रुखवतात चिरोट्यांच्या आणि अनारशांच्या मधोमध ती मांडली, सुलटी, नांगराची पाती खाली. पुण्याचे पाहुणे तिच्याभोवतीच जास्त. त्यातल्या एका काकूंनी रघुपतीरावांना विचारलंच, "मराठी फार सुरेख बोलता हो, कुठं शिकलात?"

"इथंच," रघुपतीराव म्हणाले. "इथंच. आणि तुम्ही?"

पाठवणीच्या वेळी तोफ त्यांनी स्वतः गाडीच्या डिकीत ठेवायला लावली. सगळ्यांनी विरोध केला. फ्लॅटमध्ये तोफ कशाला, म्हणून विहीणबाईंनी विचारलं. पण ते कुणाचं ऐकेनात. गाडीच्या खिडकीशी वाकून अनुषाला म्हणाले, "तिकडं काही कमी-जास्त झालं तर वाजव."

"आप्पा, सर्जापूर रोडवरून चामराजपेटेत ऐकू येणार आहे का?"

"तू वाजव. ऐकायचं माझं मी बघतो."

"आधी पोलीस ऐकतील," अहल्याबाई म्हणाल्या आणि पदरात तोंड लपवून रडायला लागल्या.

तोफ अर्थातच कधी वाजली नाही. सर्जापूर रोडच्या त्या फ्लॅटमध्ये ती बैठकीत ठेवली आहे आणि नंदकिशोर दर रविवारी तिला पुसतात. पण अनुषाचा फोन येतो. आला की रघुपतीराव हातातलं काम टाकतात, 'बोल' म्हणतात आणि गप्प बसतात. ती बोलत राहते. ऑफिसचं, प्रणीतचं, सासूबाईंचं, नळाला पाणी नसल्याचं. मध्येच तिला शंका येते. पलीकडं एवढी शांतता कशी? फोन लागलाय की नाही?

"आप्पा? आहात ना?"

"आहे," रघुपतीराव म्हणतात. "आहे."